पाचवीच्या आधी : वऱ्हाडातील नवजात बालक, आपत्ती आणि दवाखान्यापर्यंतची वाट

#थ्रेड #वऱ्हाड #इतिहास

१/ वऱ्हाडात मूल जन्मले की पाचव्या दिवशी पाचवी पुजतात. पाटा-वरवंटा मांडतात, शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचे विधिलिखित लिहून जाते, अशी श्रद्धा आहे. नाव मात्र त्या दिवशी ठेवत नाहीत. ते बाराव्या दिवशी, बारशाला. लिखित आधी आणि नाव नंतर, हा क्रम मला लहानपणी विचित्र वाटे. लोकसंख्येच्या इतिहासाचा अभ्यास करू लागलो तेव्हा त्यामागचे भय कळले.

२/ नवजात बालकांच्या मृत्यूंपैकी सुमारे तीनचतुर्थांश पहिल्या आठवड्यातच होतात. दिवस भरण्याआधीचा जन्म, जन्मतः श्वास न घेणे, जंतुसंसर्ग आणि शरीर गार पडणे ही त्याची मुख्य कारणे. पूर्वी विळ्याने किंवा मिळेल त्या पात्याने नाळ कापली जाई. त्यातून होणारा धनुर्वात साधारण पहिल्या आठवड्याच्या आसपास प्रकट होई. आपल्या समाजाने ही धोक्याची मुदत अनुभवाने ओळखली होती आणि तिच्या भोवती विधींचे कुंपण घातले होते. पाचवी त्या कुंपणाचाच एक भाग.

३/ या धाग्यात अमरावती, अकोला आणि मेळघाट यांच्या आधाराने एक प्रश्न मांडतो आहे. दुष्काळ, साथ, आग अशी आपत्ती आली की नवजात बालकाचे काय होते? त्याला सांभाळणारी व्यवस्था या भागात कशी उभी राहिली? आणि सव्वाशे वर्षांनंतरही ती नेमकी कोणत्या ठिकाणी तुटते? धागा लांब आहे. सवडीने वाचावा.

४/ आरंभ नोंदवहीपासून करू. १८५३ पासून वऱ्हाड निजामाच्या नावाने, पण इंग्रजांच्या कारभाराखाली होते. गावोगावचा पाटील जन्ममृत्यूची नोंद ठेवी. टिम डायसन यांनी वऱ्हाडच्या लोकसंख्येच्या इतिहासावर महत्त्वाचे काम केले आहे. ब्रिटिश अमलाखालील प्रदेशांत वऱ्हाडच्या नोंदी तुलनेने विश्वासार्ह होत्या, म्हणूनच हे काम शक्य झाले. दुष्काळात माणसे कोणत्या क्रमाने मरतात हे जगाला समजले, त्यात आपल्या पाटलांच्या वह्यांचाही वाटा आहे.

५/ त्या वह्यांत १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन दुष्काळ आहेत. दुसऱ्याला लोक छप्पनिया म्हणत, कारण तो संवत १९५६ मध्ये पडला. १८९१ च्या जनगणनेत वऱ्हाडची लोकसंख्या २८,९७,४९१ होती. १९०१ मध्ये ती २७,५४,०१६ झाली. कापसाच्या पैशाने गजबजलेल्या, रेल्वे येऊन तीन दशके झालेल्या प्रांतात दहा वर्षांनी माणसे वाढण्याऐवजी घटली होती.

६/ ही सरासरी मैदान आणि डोंगर यांना एकत्र करते, म्हणून फसवी आहे. मेळघाट तालुका वेगळा काढला तर चित्र अधिक भयाण दिसते. १८९१ मध्ये तेथे सुमारे ४७ हजार माणसे होती. १९०१ मध्ये सुमारे ३७ हजार उरली. म्हणजे पाचांतील एकाहून अधिक माणूस मेला किंवा परागंदा झाला. अमरावतीची बाजारपेठ जवळ होती, पण कोरकूच्या हाती तेथे धान्य घेण्याइतका पैसा नव्हता आणि वाटेत घाट होता.

७/ दुष्काळाचा क्रम नीट पाहण्याजोगा आहे. प्रथम गर्भधारणा घटतात, म्हणून नऊ महिन्यांनी जन्म कमी होतात. मृत्यूंचा कळस पुष्कळदा पाऊस परतल्यावर येतो. शेत हिरवे होते, पण घरात दाणा नसतो आणि अशक्त शरीराला हिवताप गाठतो. आजही मेळघाटात सर्वांत अवघड महिने पावसाळ्याचे आहेत : जुने धान्य संपलेले, नवे हाती न आलेले, नाले भरलेले. जन्मणाऱ्या बाळाला हे सगळे एकाच वेळी भोवते.

८/ मग सरकारी मदतीत नवजात बालक कोठे होते? १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ-संहिता तयार झाल्या. रस्ते-तलावांची कामे काढणे, मजुरी देणे, अपंगांना फुकट शिधा देणे, मजुरांच्या काम न करणाऱ्या मुलांसाठी वेगळी तरतूद करणे, हे सगळे त्या यंत्रणेत बसत होते. तिचे हिशोबाचे एकक मात्र तोंड होते. ज्याला खाता येते ते तोंड. आईच्या दुधावर जगणारे चार दिवसांचे मूल त्या हिशोबात स्वतंत्रपणे येत नव्हते. ते आईच्या शिध्यात धरलेले होते.

९/ आई उपाशी तर बाळ हलके, हे पुढे एका युरोपीय दुष्काळाने आकड्यांत दाखवले. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे पश्चिम नेदरलँड्समध्ये उपासमार झाली. गरोदरपणाचे शेवटचे तीन महिने त्या काळात गेलेल्या स्त्रियांची बाळे सरासरी सुमारे ३०० ग्रॅमने हलकी जन्मली. तेथे प्रसूतिगृहांत वजने लिहिली जात होती, म्हणून हे कळले. छप्पनियातील वऱ्हाडी बाळांचे वजन कोणी लिहिले नाही. त्यांच्या बाबतीत आपल्याकडे आहे तो १९०१ च्या जनगणनेत दिसणारा लहान मुलांचा तुटवडा.

१०/ याच सुमारास जगात दुसरीकडे काय चालले होते? १८८० च्या दशकाच्या आरंभी पॅरिसच्या प्रसूतिगृहात स्तेफान तार्निए यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी उबेच्या पेट्या बसवल्या. कल्पना कोंबडीची अंडी उबवण्याच्या यंत्रावरून आली होती. प्रशियाशी झालेल्या युद्धानंतर फ्रान्सला घटत्या लोकसंख्येची धास्ती होती, म्हणून तेथे प्रत्येक बाळाला राष्ट्रीय मोल आले. बाळ वाचवण्याचे तंत्र केव्हा आणि कोठे उभे राहते, हे त्या बाळाचे जगणे कोणाला महत्त्वाचे वाटते यावर पुष्कळ अवलंबून असते.

११/ भारतात स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठी १८८५ मध्ये व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरीन यांच्या नावाने निधी उभा राहिला. अमरावतीकर आजही जिल्हा स्त्री रुग्णालयाला ‘डफरीन’च म्हणतात. रिक्षावाल्याला तेवढा एक शब्द पुरतो. अकोल्याच्या जिल्हा स्त्री रुग्णालयाची ओळख ‘लेडी हार्डिंग’ ही आहे, तीही एका व्हाइसरॉयची पत्नी. दोन शहरांतल्या दोन सरकारी प्रसूतिगृहांवर अजून त्या काळाची पाटी आहे.

१२/ या दवाखान्यांचे ऋण मोठे आहे. पण त्यांची कल्पना बाळंतिणीभोवती फिरत होती. पडद्यातील स्त्रीला स्त्री-डॉक्टर मिळावी, हा मूळ हेतू. १९०३ मध्ये लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने सुइणींच्या शिक्षणासाठी निधी निघाला, त्यातही भर सुरक्षित बाळंतपणावर होता. बाळ हा वेगळा रुग्ण आहे, त्याला वेगळी खाट, वेगळा कागद, वेगळी परिचारिका लागते, ही जाणीव यायला अजून बराच काळ होता.

१३/ १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ आली तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाड हा देशातील सर्वाधिक हानी झालेल्या प्रांतांपैकी एक ठरला. या साथीने तरुण माणसे नेली आणि गरोदर स्त्रियांवर तिचा घाला विशेष होता. आई गेली की अंगावर पिणारे मूल मागोमाग जाई. त्याच्या मृत्यूचे कारण वहीत ‘ताप’ एवढेच लागे. साथीच्या इतिहासात अशी बाळे बेरजेत असतात, कथनात नसतात.

१४/ स्वातंत्र्यानंतरचा एक महत्त्वाचा टप्पा फार थोड्यांना ठाऊक आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना, म्हणजे आपली अंगणवाडी, ३३ प्रायोगिक प्रकल्पांत सुरू झाली. महाराष्ट्रात त्यासाठी निवडलेल्या जागांत एक होती मुंबईची धारावी आणि दुसरी होती अमरावती जिल्ह्यातील धारणी. मेळघाट विस्मृतीत गेलेला प्रदेश होता असे म्हणणे म्हणूनच अपुरे आहे. योजना तेथे सर्वांच्या आधी पोचली होती.

१५/ तरीही १९९३ मध्ये मेळघाटातील बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. कुपोषण हा शब्द मराठी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला. शीला बारसे यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. पुढे इतरांच्याही याचिका आल्या आणि सुनावण्या वर्षानुवर्षे चालत राहिल्या. शासनाने आदिवासी भागांसाठी नवसंजीवन योजना आणली. तिच्यातील भरारी पथके पावसाळ्यात पाड्यापाड्यांवर जाऊ लागली. ज्या धारणीत अंगणवाडी सर्वांत आधी आली, तेथेच अठरा वर्षांनी ही वेळ का यावी?

१६/ एक उत्तर वयात आहे. अंगणवाडीचा पोषण-आहार सहा महिन्यांपुढच्या मुलाच्या पोटात जातो. बालमृत्यूंतील मोठा वाटा मात्र पहिल्या महिन्याचा असतो. त्या बाळाला खिचडी नको असते. त्याला ऊब, आईचे दूध, स्वच्छ नाळ आणि संसर्गावर वेळेत औषध हवे असते. ‘कुपोषणाने बालमृत्यू’ या मथळ्याखाली ही बाळे झाकली गेली. त्यातली कित्येक तर ‘उपजत मृत्यू’ म्हणून लिहिली गेली, म्हणजे ती कधी जिवंत होती याचीही नोंद राहिली नाही.

१७/ या प्रश्नाला सर्वांत स्पष्ट उत्तर विदर्भातूनच मिळाले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९९५ पासून ३९ गावांत घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला. तुलनेसाठी ४७ गावे होती. गावातीलच थोडे शिकलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन ‘आरोग्यदूत’ केले. त्या जन्मावेळी हजर राहत, बाळाचे वजन घेत, गुदमरलेल्या बाळाला श्वास देत, उबेच्या पिशवीत ठेवत आणि जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देत.

१८/ या गावांत नवजात मृत्युदर हजारी ६२ होता, तो तिसऱ्या वर्षी २५.५ वर आला. तुलनेच्या गावांतील बदल जमेस धरता घट ६२ टक्के भरली. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हा अभ्यास छापला. २०११ पासून देशभरातील आशा कार्यकर्त्या बाळाच्या घरी ठरलेल्या दिवशी भेटी देतात : दवाखान्यात जन्म झाला तर सहा, घरी झाला तर सात. तुमच्या गल्लीत वजनकाटा घेऊन येणाऱ्या आशाताईंच्या पिशवीची मुळे गडचिरोलीच्या त्या गावांत आहेत.

१९/ मेळघाटात १९८० च्या दशकात डॉ. रवींद्र कोल्हे बैरागडला गेले. पुढे डॉ. स्मिता कोल्हे त्यांच्यासोबत आल्या. (२०१९ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली.) त्यांनी मुलाखतींत सांगितलेला एक प्रसंग या धाग्याच्या गाभ्याचा आहे. त्यांचे स्वतःचे बाळ बैरागडला जन्मले आणि गंभीर आजारी पडले. अकोल्याला न्यावे, असा सल्ला मिळाला. निर्णय आईवर होता. इतर गावकऱ्यांच्या बाळांना जे मिळते तेच माझ्या बाळाला, असे म्हणून त्यांनी त्याला तेथेच ठेवले. बाळ वाचले आणि गावाचा विश्वास बसला.

२०/ हा प्रसंग बहुधा त्यागाची कथा म्हणून सांगितला जातो. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला त्यात आणखी काही दिसते. डॉक्टर असलेल्या आईलाही ‘बैरागड की अकोला’ हा प्रश्न पडला, एवढे ते अंतर खरे होते. आणि गाव तिच्याकडे पाहत होते, कारण बाळाला शहरात नेण्याची ऐपत ही तिथली सर्वांत मोठी वर्गरेषा होती. १९९० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. आशिष सातव यांनी धारणीजवळ उतावली येथे ‘महान’ संस्थेचे रुग्णालय उभारले आणि गावातील आरोग्यसेविकांमार्फत घरोघरी बालसेवा सुरू केली. उपचार रुग्णाकडे नेणे हेच या दोन्ही कामांचे सूत्र.

२१/ पण प्रत्येक बाळ घरी वाचत नाही. काहींना प्राणवायू, सलाइन, फोटोथेरपी, व्हेंटिलेटर लागतो. सरकारी भाषेत याला संदर्भसेवा म्हणतात, लोक म्हणतात ‘रेफर केलं’. आता ती वाट डोळ्यांसमोर आणा. हतरू किंवा रंगुबेलीच्या बाजूचे गाव. रात्र, आषाढ, सिपना-गडगा दुथडी. तेथून प्राथमिक आरोग्य केंद्र, मग धारणीचे उपजिल्हा रुग्णालय किंवा परतवाडा-अचलपूर, मग अमरावती. धारणी ते अमरावती हेच अंतर सुमारे दीडशे किलोमीटर, त्यात घाटाची वळणे. काही कुटुंबे त्यापेक्षा सीमेपलीकडचे बुऱ्हाणपूर गाठतात.

२२/ मातामृत्यूंच्या अभ्यासकांनी १९९४ मध्ये ‘तीन विलंब’ अशी मांडणी केली : निर्णय घेण्यातील, पोचण्यातील आणि पोचल्यावर उपचार मिळण्यातील. नवजात बालकाबाबत मी एक चौथा जोडेन, तो म्हणजे प्रवासातील घसरण. दीड किलोचे बाळ ओल्या फडक्यात, उघड्या खिडकीच्या गाडीत तीन तास गेले तर ते ज्या आजारासाठी निघाले त्याहून आधी थंडीने आणि रक्तातील साखर उतरल्याने मरू शकते. वाहन मिळाले एवढ्याने संदर्भसेवा होत नाही. बाळ उबदार, दूध पाजलेले आणि श्वासावर लक्ष असलेले पोचले पाहिजे, आणि पोचण्याआधी पुढच्या दवाखान्यात फोन गेलेला असला पाहिजे.

२३/ पहिल्या विलंबाबद्दल बोलताना शहरी माणूस लगेच भूमकाकडे बोट दाखवतो. भूमका म्हणजे कोरकूंचा पारंपरिक वैदू-पुजारी. बाळाचे पोट फुगले की तापलेल्या विळ्याचे चटके देण्याची ‘डंबा’ ही घातक प्रथा आजही पूर्ण संपलेली नाही, आणि तिचे समर्थन होऊ शकत नाही. पण ती टिकली का? मध्यरात्री जो दार उघडतो, ज्याला कोरकू येते आणि जो घरच्यांना ओरडत नाही, त्याच्याकडे माणसे जातात. आजारी बाळ दवाखान्यात पाठवणाऱ्या भूमकांना मानधन देण्याचा प्रयोग मेळघाटात झाला, तो या समजुतीवर आधारलेला होता.

२४/ दुसरा विलंब तोडण्यासाठी झालेल्या उपायांत मला ‘माहेरघर’ सर्वांत सुंदर वाटते. दिवस भरत आलेल्या स्त्रीने आधीच आरोग्य केंद्राजवळ येऊन राहावे, सोबत घरचे माणूस आणि लहान मूल असावे. नदी भरण्याआधीच ती अलीकडे आलेली असते. १ जून २०११ पासून जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमाने प्रसूती, आजारी नवजात बालकाचा उपचार आणि ने-आण मोफत केली. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका धावू लागली. जेथे मोबाइलची रेंज नाही तेथे मात्र १०८ हे तीन आकडेच राहतात.

२५/ तिसऱ्या विलंबाचा इतिहास अगदी अलीकडचा आहे. २००३ मध्ये पश्चिम बंगालच्या पुरुलियासारख्या मागास जिल्ह्यात सरकारी रुग्णालयात आजारी नवजातांसाठी विशेष कक्ष उभारला गेला. जिल्हा पातळीवर हे जमते, हे त्याने दाखवले. २०११ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी तीन पायऱ्या ठरवल्या : प्रत्येक प्रसूतिस्थानी नवजात शिशू कोपरा, त्यावर स्थिरीकरण कक्ष आणि जिल्ह्याला विशेष नवजात काळजी कक्ष, ज्याला सगळे ‘एसएनसीयू’ म्हणतात. छप्पनियानंतर शंभराहून अधिक वर्षांनी बाळाला स्वतःची खाट आणि स्वतःचा केसपेपर मिळाला.

२६/ आता आपत्तीकडे परत येऊ. फेब्रुवारी २०२१. कोरोनाची दुसरी लाट महाराष्ट्रात ज्या भागांतून उसळली त्यांत अमरावती आणि अकोला आघाडीवर होते. २२ फेब्रुवारीपासून अमरावतीत पुन्हा टाळेबंदी आली. अशा वेळी प्राणवायू, रुग्णवाहिका, परिचारिका सगळे एकाच दिशेने खेचले जाते. बाळंतपण मात्र पुढे ढकलता येत नाही. आपत्तीत नवजात सेवा कोणी हेतूने बंद करत नाही. तिची माणसे आणि साधने एकेक करून दुसरीकडे जातात, आणि ती उरत नाही.

२७/ त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला मध्यरात्रीनंतर आग लागली. कक्षात १७ बाळे होती. सात वाचली, दहा गेली. पुढच्या वर्षी, सप्टेंबर २०२२ मध्ये, अमरावतीच्या जिल्हा स्त्री रुग्णालयातील नवजात कक्षातही आग लागली आणि बाळांना तातडीने बाहेर काढून इतरत्र हलवावे लागले. जी बाळे वाचण्यासाठी यंत्राजवळ आणली होती, त्यांना यंत्रापासून वाचवण्याची वेळ आली. नवजात कक्ष उभारणे म्हणजे उबेच्या खाटा विकत घेणे, हा समज या दोन घटनांनी मोडायला हवा होता. वायरिंगची तपासणी, रात्रपाळीला पुरेशा परिचारिका आणि बाळे उचलून नेण्याचा सराव हेही अतिदक्षतेतच मोडते.

२८/ जगात इतरत्रही वीज हाच कच्चा दुवा ठरला आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये गाझातील अल-शिफा रुग्णालयाची वीज गेली तेव्हा अपुऱ्या दिवसांची बाळे पेट्यांतून काढून शेजारी शेजारी झोपवावी लागली. १९ नोव्हेंबरला ३१ बाळे तेथून दक्षिणेला हलवली गेली. युद्ध आणि मेळघाटचा पावसाळा यांची तुलना होऊ शकत नाही. पण वीज गेलेल्या पेटीतील बाळाला दोन्हीकडे एकच गोष्ट लागते, आणि ती म्हणजे दुसऱ्या माणसाच्या अंगाची ऊब.

२९/ ही ऊब भावनिक बोलणे नाही, उपचार आहे. १९७८-७९ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे पेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा डॉ. एदगार रे आणि डॉ. एक्तोर मार्तिनेस यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. तीच ‘कांगारू’ पद्धत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुदेशीय चाचणीत, जिच्यात दिल्लीचे सफदरजंग रुग्णालयही होते, कमी वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच असे ठेवल्यास पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू २५ टक्क्यांनी घटले. गरजेतून निघालेला उपाय पुढे श्रीमंत देशांनीही उचलला.

३०/ मग या सगळ्या इतिहासातून हाती काय लागते? पहिली गोष्ट, नवजात कक्षाची ताकद त्याच्या वाटेवरून मोजावी. अमरावतीच्या कक्षात किती खाटा आहेत याइतकेच महत्त्वाचे हे, की धारणीहून निघालेले बाळ कोणत्या तापमानाने तेथे पोचते. निघताना आणि पोचताना थर्मामीटर लावून दोन आकडे लिहिले तरी पुष्कळ उघड होईल. आईला बाळासोबत, बाळ छातीशी बांधून रुग्णवाहिकेत बसवणे यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही.

३१/ दुसरी, आपत्तीची तयारी आपत्तीआधी. दुष्काळ-संहितेचे एक श्रेय मान्य केले पाहिजे : संकट येण्याआधीच कोणी काय करायचे ते लिहून ठेवण्याची सवय तिने लावली. नवजात सेवेला तशीच लिखित व्यवस्था हवी. साथ आली तरी नवजात कक्षातील परिचारिका हलवायच्या नाहीत, प्राणवायूचा त्यांचा वाटा वेगळा ठेवायचा, वीज गेली तर पहिल्या दहा मिनिटांत कोण काय करील हे भिंतीवर लावायचे, एक कक्ष बंद पडला तर बाळे कोणत्या रुग्णालयात जातील हे आधीच ठरवायचे. अमरावती आणि अकोला ही दोन शहरे सुमारे शंभर किलोमीटरवर आहेत, ती एकमेकांची आडवेळची सोय होऊ शकतात.

३२/ तिसरी, रेफर केलेल्या बाळामागचे घर. मेळघाटातील आई बाळाला घेऊन मध्येच निघून जाते तेव्हा आपण तिला अडाणी म्हणतो. घरी दोन मुले आहेत, नवरा कामासाठी परमुलखात आहे, वॉर्डात कोणाला कोरकू येत नाही, रोज बुडतो आहे. बुडीत मजुरी, नातेवाइकाच्या जेवणाची सोय, कोरकू बोलणारे एक माणूस आणि घरी परतल्यावर आशाताईला गेलेला निरोप, हे औषधोपचाराचेच भाग धरावे लागतील. जाण्याची वाट जितकी महत्त्वाची तितकीच परतीची. वजन न वाढलेले बाळ घरी गेल्यावर त्याच्याकडे कोणी पाहिले नाही, तर कक्षातील सगळे कष्ट वाया जातात.

३३/ आणि चौथी, नोंद. माझ्या विषयाची म्हणून मी ती शेवटी ठेवली, पण इतिहासात ती पहिली आहे. जन्मून तासाभरात गेलेले बाळ ‘उपजत’ लिहिले की कोणाची चौकशी होत नाही आणि कोणाची चूक दुरुस्त होत नाही. जे बाळ एकदा रडले, ते जिवंत जन्मले. त्याचा जन्मही लिहावा आणि मृत्यूही लिहावा. आकडा वाढेल, मथळे येतील, अधिकाऱ्यांना उत्तरे द्यावी लागतील. तो त्रास सोसल्याखेरीज पुढचे बाळ वाचत नाही.

३४/ एक घरची गोष्ट सांगून थांबतो. माझी आजी अकोट तालुक्यातील. तिच्या पाच लेकरांची नावे आम्हाला पाठ होती. मी या विषयावर वाचू लागलो तेव्हा एकदा सहज विचारले, तर म्हणाली की सहा होती. पहिले मूल पावसाळ्यात झाले, बैलगाडी नाल्यापर्यंत गेली आणि परत फिरली. मी नाव विचारले. ती म्हणाली, “नाव ठेवाले पुरलंच कुठं थे, बापा? पाचवीबी नाई पुजली त्याची.”

३५/ ज्या पाटलांच्या वह्यांचे मी वर कौतुक केले, तसल्याच एखाद्या वहीत ते मूल असेल किंवा नसेल. तुमच्या घरातही अशी एखादी गोष्ट असण्याचा संभव आहे. आजी-पणजीला, गावातल्या जुन्या सुईणबाईंना विचारा : कोणते वर्ष, कोणता महिना, दवाखाना किती लांब होता, वाट कुठे अडली. कोणाची नावे उघड न करता खाली लिहिलेत तरी चालेल. अमरावती-अकोल्यातील नवजात कक्षांत काम केलेल्या परिचारिका हा धागा वाचत असतील तर त्यांनीही जरूर लिहावे. माझे काही चुकले असेल तर दुरुस्त करावे. धागा समाप्त.